डबक्यातले गवयीबुवा

जंगल होतं चांगलं दहा कोसांचं, पण मुलांनो, आपली गोष्ट त्यातल्या एका डबक्यापुरतीच आहे. त्या डबक्याच्या काठाला करवंदीची जाळी होती आणि जाळीखाली एक इवलासा बेडूक राहत असे. इवलासा म्हणजे केवढा? तुमच्या अंगठ्याच्या नखावर मजेत मावला असता. टोकदार तोंड, पाठीवर तपकिरी नक्षी आणि हनुवटीखाली एक पिशवी. ती पिशवी त्याने फुगवली की मागे बेडूक आहे की नाही अशी शंका यावी. कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसा त्याचा करकरीत आवाज पार टेकाडापलीकडे ऐकू जाई. आपला आवाज चांगला आहे हे त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं. त्याला ते जन्मापासूनच ठाऊक होतं.

तुम्ही म्हणाल, डबक्यात कसलं राहायचं? टेकाडापलीकडे चांगलं मोठं तळं होतं, कमळंबिमळं असलेलं. पण तळ्यात मासे होते, आणि बेडकांची अंडी म्हणजे माशांचा आवडता खाऊ. डबकं मात्र दर वर्षी पावसाळा सरला की ठणठणीत कोरडं पडे, त्यामुळे तिथे एकही मासा टिकत नसे. म्हणूनच ही इवली मंडळी तळ्याकडे ढुंकूनही बघत नसे. "आमचं पाणी आटतं, म्हणून तर ते आमचं आहे," असं ती तोऱ्यात सांगत असे.

अडचण एकच होती. पाणी आटायच्या आत सगळं उरकायला हवं. काठावरचा तेरडा फुलला की डबक्याचे दिवस भरत आले असं समजायचं. त्या सुमाराला अंडी पाण्यात पडली, तर पिल्लांना पाय फुटून शेपूट गळायला जेमतेम वेळ मिळे. उशीर झाला की ते वर्ष फुकट गेलं. आणि एवढ्याशा बेडकाच्या आयुष्यात वर्षं असतात तरी किती?

दिवस कलला की डबक्यात गाणं सुरू होई. गायचे ते बेडूक. बेडक्या गात नसत, त्या ऐकत. ज्याचं गाणं पसंत पडेल त्याच्याकडे बेडकी पोहत जाई. एवढे सगळे एकदम गाऊ लागले तर गोंधळच व्हायचा, म्हणून डबक्याचा एक नियम होता आणि पिल्लाचं शेपूट गळलं की त्याला आधी तो शिकवत: "जागा दे, जागा राहा." जागा दे, म्हणजे एकदा गाऊन थांबायचं आणि त्या मोकळ्या जागेत शेजाऱ्याला गाऊ द्यायचं. जागा राहा, म्हणजे गातानाही कान आणि पाय सावध ठेवायचे, आणि कुणाच्या पावलाची चाहूल लागली की गप्प व्हायचं. ओरडायचं अजिबात नाही. एक गप्प झाला की शेजारचा गप्प, त्याच्या शेजारचा गप्प, असं बघता बघता सगळं डबकं गप्प. माकडं धोका दिसला की ओरडतात, टिटवी ओरडते. या डबक्यात मात्र धोक्याची हाक म्हणजे शांतता.

आपल्या बेडकाच्या शेजारी एक म्हातारा बेडूक बसत असे. त्याचा गळा कधीच कामातून गेला होता. गायला लागला की सुकं पान फरफटत न्यावं तशी नुसती खरखर यायची. सगळे त्याला घोगरेकाका म्हणत आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. तर आपला बेडूक गाऊन थांबला, की त्या जागेत घोगरेकाका गात.

तेरडा कळीला आला, तरी आपल्या बेडकाकडे एकही बेडकी फिरकली नव्हती. त्याने खूप विचार केला आणि दोष कुणाचा ते ठरवून टाकलं.

"काका, मी तोंड मिटायच्या आत तुम्ही सुरू होता," तो एका संध्याकाळी म्हणाला. "माझा सूर अजून हवेत असतो आणि तुमची खरखर त्याच्यावर येऊन बसते."

"अरे, तू जागा सोडतोस, मी ती भरतो. आजवर असंच चालत आलंय."

"पण माझ्यामागून तुम्ही म्हणजे वाळवीच्या मेजवानीवर चिखलाचा घास हो!"

घोगरेकाका मनापासून हसले. "वाळवी तर वाळवी! येईल बाबा, कुणीतरी येईल. तू आपला ठेका सोडू नकोस."

त्यांचं हसणं बेडकाला आणखीनच झोंबलं.

आता याच डबक्यावर एका बगळ्याचा डोळा होता. सलग चार संध्याकाळी तो येऊन गेला होता आणि चारही वेळा उपाशी परतला होता. लांबून ऐकावं तर डबकं बेडकांनी भरलेलं. जवळ यावं तर सगळं चिडीचूप. आणि गाणं चालू असताना नेम धरावा, तर एक आवाज इकडून, दुसरा तिकडून, तिसरा भलतीकडून. मान वळवून वळवून बिचाऱ्याची मान दुखायची. पण काकापुतण्यांचं ते बोलणं त्याने टेकाडावरून ऐकलं आणि त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो करवंदीच्या जाळीपाशी येऊन उभा राहिला. जाळी काटेरी, चोच आत जाणं शक्य नव्हतं. त्याने एक पाय पोटाशी घेतला, डोळे अर्धे मिटले आणि तो म्हणाला, "गवयीबुवा आहेत का घरी?"

आजवर बेडकाला कुणी बुवा म्हटलं नव्हतं. तो आतूनच म्हणाला, "कोण पाहिजे?"

"ज्यांचा सूर ऐकल्यापासून मला तळ्यातले मासे गोड लागत नाहीत, ते पाहिजेत."

"मग तो मीच," बेडूक म्हणाला.

"वाटलंच! पण बुवा, एक बोलू का? राग मानू नका. एवढा गळा तुम्ही गर्दीत का वाया घालवता? तुम्ही थांबता न थांबता तोच तो घोगरा सुरू होतो. बेडकीने ओळखायचं तरी कसं, कोण कुठला?"

"काय करणार? इथला नियमच आहे. जागा द्यावी लागते."

"द्या की! नियम मोडा असं मी कशाला म्हणेन? पण अधूनमधून सगळं डबकं एकदम गप्प होतं ना, ती जागा कुणाची असते?"

बेडूक विचारात पडला. "ती... कुणाचीच नाही. ती तर धोक्याची खूण."

"कसला धोका, बुवा! परवा साधं पान गळून पडलं तर तुमची मंडळी गप्प झाली. हो की नाही?"

ते मात्र खरं होतं. पान पडलं होतं आणि सगळे गप्प झाले होते.

"एवढी मोठी जागा रिकामी पडलेली, आणि घेणारा कुणी नाही," बगळा हळहळला. "तिथे एकदा गाऊन बघा. सगळ्या जंगलाला कळेल, बुवा कोण आहेत ते."

हे सांगणारा बगळा आहे, आणि बगळा गाणं ऐकून पोट भरत नाही, एवढं तरी बेडकाच्या ध्यानात यायला हवं होतं. पण स्तुती ऐकायला बसलं की तेवढ्यापुरती अक्कल बाहेर थांबते. बेडकाचं तसंच झालं. तुमचं-आमचंही होतं.

त्या संध्याकाळी तेरड्याचं पहिलं फूल उमललं. ते गुलाबी फूल बेडकाने पाहिलं. आज नाही तर कधीच नाही, असं मनाशी म्हणत तो जाळीतून बाहेर पडला आणि उथळ पाण्यात आपल्या गवताच्या बुडख्याशी जाऊन बसला. गाणं रंगात आलं. तो गाई, घोगरेकाका गात, पलीकडून तिसरा, त्याच्या पलीकडून चौथा. मध्येच पूर्वेकडचा एक थांबला. मग दोघे थांबले. घोगरेकाका तर खरखर अर्ध्यावर तोडून थांबले. पाण्याला बारीकसा हिसका बसलेला आपल्या बेडकाच्याही पायांना जाणवला होता आणि सवयीने त्याचंही तोंड मिटलं होतं. डबकं गप्प झालं.

मग त्याला आठवलं. हीच ती जागा!

त्याने पिशवी फुगवली आणि तो गायला. अहाहा, काय आवाज लागला होता त्याचा! वर नाही, खाली नाही, मध्ये कुणाची खरखर नाही, सगळ्या डबक्यावर तो एकटा. आनंदाने त्याचं अंग थरथरलं. तो पुन्हा गायला. तिसऱ्यांदा गाण्यासाठी श्वास घेताना त्याला समोर दोन पिवळ्या काटक्या दिसल्या. मघाशी त्या तिथे नव्हत्या. त्याने डोळे वर केले, तर काटक्यांच्या वर पांढरं पोट होतं आणि त्याच्याही वर मागे खेचलेली वाकडी मान.

"वा बुवा!" बगळा हलकेच म्हणाला. "आता कसे बरोबर सापडलात."

उडी मारायची असते हेसुद्धा बेडूक विसरला. आपण मरणार, आणि आपल्याच गाण्याने मरणार, एवढंच त्याला कळलं. तिसरा सूर निघालाच नाही आणि जागा मोकळी राहिली.

त्या मोकळ्या जागेत डावीकडून आवाज आला. "खर्रर्र!"

घोगरेकाका! बगळा हाताभरावर उभा असताना, सगळं डबकं जीव मुठीत धरून गप्प बसलं असताना, तो म्हातारा गायला होता. बगळ्याची मान डावीकडे वळली. काका थांबले, तोच पलीकडून तिसरा गायला. मान तिकडे गेली. मग चौथा गायला. भीतीने त्याचा सूर कापत होता, पण तो गायला. बगळा चिडला आणि मान पुन्हा काकांकडे वळवून नेम धरू लागला.

आता पाळी आपल्या बेडकाची होती. तो गप्प राहिला असता तर बगळ्याला त्याचा विसरच पडला असता. पण फेरा तिथेच तुटला असता, आणि नेम काकांवर होता. बेडकाने पिशवी फुगवली आणि चोचीखाली बसून तो गायला. एकदाच, आखूड. आणि लगेच थांबला. "खर्रर्र!" काकांनी जागा भरली.

इकडे की तिकडे, इकडे की तिकडे, असं करता करता बगळ्याने वैतागून चोच मारली ती बरोबर दोघांच्या मध्ये. चोचीत आला गवताचा बुडखा, मुळांसकट आणि चिखलासकट. तो झटकता झटकता तोल जाऊन बगळेमहाराज पाण्यात बसले. तेवढ्यात सगळ्या बेडकांनी बुड्या मारल्या. मग पंख फडफडवत, कुणी पाहिलं तर नाही ना असं बघत, बगळा तळ्याकडे उडून गेला. पाहिलं सगळ्यांनीच होतं.

पाणी शांत झालं, तसा आपला बेडूक काकांजवळ गेला. त्याला मान वर करवत नव्हती.

"काका, माझ्यासाठी तुम्ही नियम मोडलात."

"कुठे मोडला?" घोगरेकाका म्हणाले. "तू जागा सोडलीस, मी ती भरली."

बेडकाला रडू आलं. बेडकांचे डोळे ओलेच असतात, म्हणून ते कुणाला दिसलं नाही. पण तो रडला.

थोड्या वेळाने गाणं पुन्हा सुरू झालं. तो गायला, थांबला, काका गायले, आणि त्या खरखरीचं त्याला काहीही वाटलं नाही. उलट ती ऐकू येईपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसे. एवढ्यात पाणी हललं आणि एक बेडकी त्याच्या समोर येऊन थांबली.

"तुझा आवाज चांगला आहे, हे तुला सांगायला नकोच," ती म्हणाली. "तीन संध्याकाळी मी ऐकतेय."

"तीन संध्याकाळी? एवढ्या गर्दीतून माझा आवाज तुला कळला?"

"न कळायला काय झालं? आमचे कान असतात कशाला? आज तर तुझ्याकडेच यायला निघाले होते. पण सगळे गप्प असताना तू एकटा गायलास, आणि मी मागे फिरले. बगळ्याचं पाऊल ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या भरवशावर अंडी कोण घालणार?"

बेडूक वरमला. "मग आता का आलीस?"

"चोचीखाली बसूनही तू आपली पाळी सोडली नाहीस आणि लगेच थांबून काकांना जागा दिलीस. तेही मी ऐकलं."

त्याच रात्री डबक्यावर अंड्यांची पातळ साय तरंगू लागली. एक-दोन दिवसांत त्यातून पिल्लं बाहेर आली, आरपार दिसणारी, शेपूट हलवणारी. तेरडा फुलून झडू लागला, पाणी ओंजळभर उरलं, आणि त्या ओंजळभर पाण्यातून माशीएवढे बेडूक टुणटुण उड्या मारत काठावर आले. आपल्या बेडकाने त्यांना गवतात ओळीने बसवलं आणि पहिला धडा दिला, "जागा दे, जागा राहा."

एक पिल्लू जरा आगाऊ होतं, बापावर गेलेलं. त्याने विचारलं, "बाबा, सगळे गप्प असतात तेव्हा ती जागा कुणाची?"

बेडकाने घोगरेकाकांकडे पाहिलं. काका डोळे मिटून हसत होते.

"ती सगळ्यांची असते," तो म्हणाला. "म्हणून ती एकट्याने घ्यायची नसते."

तात्पर्य : चौघांच्या सुरात मिसळला म्हणून आपला सूर हरवत नाही, आणि संकटात आपल्याला झाकून घेतात ते त्याच चौघांचे सूर.