दाजीबुवांच्या पायाची कळ

शिवगिरी महाराजांचा मुक्काम कोंडवाडीच्या डोंगराखाली, ओढ्याकाठच्या धर्मशाळेत होता, तेव्हाची ही गोष्ट. चैत्रात भैरवनाथाची पालखी डोंगरावर जाई. खांदा देणारे सारे अनवाणी. गावाचा रिवाज असा, की वाटेत ज्याच्या तोंडून 'हाय' निघेल त्याने दांडा सोडायचा आणि मागून चालायचं. हा रिवाज पाडणाऱ्याच्या पायात कधी काटा मोडला नसावा!

त्या वर्षी धुळाबा मेंढपाळाला पहिल्यांदा खांदा मिळाला होता. बिचारा आनंदाने नुसता फुलून गेला होता. पण पहिल्याच चढावर बाभळीचा काटा त्याच्या टाचेत खोल गेला आणि तो ओरडला, "आई गं!"

पुढच्या दांड्याला गावचे कीर्तनकार दाजीबुवा होते. त्यांच्या पायांना काही टोचत नाही, अशी त्यांची ख्याती. लोक त्या पायांचं तीर्थ घेत. ते हसून म्हणाले, "खांदा देवाला आणि जीव टाचेत! सोड दांडा. भक्ती म्हणजे मेंढरं राखणं नव्हे."

लोक खो खो हसले. धुळाबा मान खाली घालून मागे आला. मागून महाराज येत होते. त्यांनी त्याला दगडावर बसवलं, त्याची टाच स्वतःच्या मांडीवर घेतली आणि काटा काढू लागले. धुळाबाने दात घट्ट आवळले.

महाराज म्हणाले, "दात कशाला आवळतोस? ओरड की! कळ म्हणजे दारातलं कुत्रं आहे, बाबा. ते भुंकलं म्हणून तर काटा सापडला. आता श्वास सावकाश सोड. कळ डोंगरासारखी चढते, माथा आला की उतरते."

काटा निघाला. महाराजांनी जखम धुऊन फडकं बांधलं आणि धुळाबा लंगडत पालखीमागून निघाला. तेवढ्यात त्याला वाटेतल्या दगडांवर रक्ताची पावलं दिसली. ताजी, एकामागून एक, थेट पुढच्या दांड्यापर्यंत!

तो तसाच पळत पुढे गेला. "बुवा, थांबा की! तुमच्या पायातनं रगत येतंय!"

"माझा पाय, आणि कळतंय तुला?" बुवा गरजले. "मागे हो!"

माथ्यावर पालखी टेकली. महाराजांनी बुवांचा पाय उचलून पाहिला आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला. फुटक्या नालेचा लोखंडी तुकडा तळव्यात रुतून बसला होता. शेजारी जुनी जखम होती, काळी पडलेली, आणि तिची बुवांना खबरही नव्हती.

"पाहा वैराग्य!" कुणीतरी हात जोडले.

महाराजांचा चेहरा उतरला. त्यांनी हलकेच विचारलं, "बुवा, हे कधीपासून?"

बुवा हळूच म्हणाले, "दोन पावसाळे झाले. पाय बधिर झालेत, महाराज. आधी घाबरलो होतो. मग लोक पाया पडू लागले, आणि मलाही ते खरं वाटू लागलं."

"पाय हातचा जाईल, बुवा. ज्या घरचं कुत्रं मुकं, त्या घरी चोर निवांत बसतो."

"वाचवा, महाराज!"

महाराजांनी नाथाचा अंगारा तळव्याला लावला, त्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. काय सांगावं त्या हाताचं सामर्थ्य! लोक त्यांच्याकडे दुखणं घालवायला येत. महाराजांनी इथे हरवलेलं दुखणं परत आणून दिलं! बुवांचं अंग थरथरलं आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी किंकाळी फुटली, "आई गं!"

महाराजांनी तुकडा उपसला. बुवा तडफडू लागले. गर्दीतून एकच माणूस पुढे झाला. धुळाबाने त्यांचा हात घट्ट धरला. "वरडा, बुवा, लाजू नका. आता श्वास सोडा, सावकाश. चढण हाय ही. माथा आला का उतरंलच."

त्याच्या श्वासाबरोबर बुवा श्वास सोडू लागले. हळूहळू कळ उतरली. महाराजांनी पाय धुऊन बांधला आणि बजावलं, "जखम भरेपर्यंत वैद्यांकडे जायचं. आणि रोज रात्री दिव्यापाशी तळवे पाहायचे."

रिवाजाप्रमाणे पालखी उतरताना बुवांना आता दांडा सोडून मागून चालायचं होतं. ते उठले नाहीत. बसल्या जागी वाकले आणि धुळाबाच्या फडकं बांधलेल्या टाचेवर त्यांनी डोकं ठेवलं. धुळाबा गडबडून पाय मागे घेऊ लागला, पण बुवा काही सोडेनात.

"दुखतंय रे, धुळाबा," ते हसत होते, रडत होते. "देवाच्या कृपेने फार दुखतंय!"