खड्डा एक, राण्या दोन

कृष्णाडीच्या राजवाड्यातील चौकाच्या मध्यभागी खणलेला खड्डा अठरा दिवस रिकामा होता, आणि राजे रायाजीराव अठरा दिवस पहारेकऱ्यांच्या शिदोरीवर जगत होते. थोरल्या राणीसाहेबांना त्या खड्ड्यात सुरूचा सदाहरित वृक्ष हवा होता. धाकट्या राणीसाहेबांना दरसाल फुलणारी शेवंती. निर्णय होईपर्यंत दोघींनी मिळून मुदपाकखान्यास कुलूप घातले होते.

“शेवंती चार महिने फुलते आणि आठ महिने केरसुणीसारखी उभी राहते,” असे थोरल्या म्हणत.

“आणि सुरू बारा महिने सारखाच. पहारेकरीसुद्धा अधूनमधून पागोटे बदलतो, आक्कासाहेब,” असे धाकट्या सुनावीत.

फरशी नवी असल्यामुळे दुसरा खड्डा खणू देण्यास राजे तयार नव्हते. अखेर त्यांनी वृद्ध माळी गेनबा याची मुलगी सगुणा हिला चौकातच भरवलेल्या दरबारात बोलावले.

“निवड तू करायची. एक जरी राणी रुसली, तर बापासह बागेतली झोपडी सोडावी लागेल. तू निवडशील तेच खड्ड्यात लागेल, आणि तू सांगशील तेव्हाच उपटले जाईल. हा आमचा शब्द आहे.”

सगुणेने हात जोडले. “दोघी बाईसाहेबांना सारखेच हवेसे असे राज्यात एकच आहे, सरकार. आपण खड्ड्यात उतरावे.”

शब्द दिला होता; राजे उतरले. सगुणेने गुडघ्यांपर्यंत माती ओढली, दोन टोपल्या शेणखत घातले, काठी रोवून महाराजांना सुंभाने बांधले आणि घागरभर पाणी ओतले.

“किंचित डावीकडे कललेत,” थोरल्या समाधानाने म्हणाल्या.

“तोंड माझ्या सज्ज्याकडे वळव गं,” धाकट्या म्हणाल्या.

“किती दिवस?” राजांनी क्षीण स्वरात विचारले.

“मूळ धरेपर्यंत. नवे रोप हलवीत नाहीत.” सगुणेने कमरेची कात्री काढली.

“ही कशाला?”

“लावणीनंतर शेंडा खुडावा लागतो, त्याशिवाय फुटवा येत नाही.” तिने राजांच्या पीळदार मिशांकडे निरखून पाहिले. “आपल्याला शेंडे दोन आहेत.”

“फरशी फोडा! दुसरा खड्डा खणा! सुरू लावा, शेवंती लावा, आणि तू, बाई, मला उपट!”

प्रथम राण्या हसल्या, मग दरबार, आणि शेवटी शेणखतात उभे असलेले राजेही खदखदून हसले.

“बाग आणि झोपडी आजपासून तुझ्या नावे. आणखी काय हवे?”

“काही नको, सरकार. आधी आपण पाय धुवावेत.”