गाडी एका वेळी एकाचंच ऐकते

“म्हणजे माझ्याच गाडीत माझाच फोन लागत नाही, याचा अर्थ काय समजायचा?”

प्राचार्य शिंत्रे सरांनी हे विचारलं उस्तादांना, पण आवाज असा होता की रस्त्यापलीकडच्या रसवंतीतली माणसंही वळून बघू लागली.

बाबालाल उस्ताद स्टुलावर बसून बशीतला चहा पीत होते. त्यांनी बशी संपवली. मग म्हणाले,

“बसा सर. चहा घेणार?”

“चहा नको. उत्तर हवंय.”

गडहिंग्लजला संकेश्वर रोडवर उस्तादांची पत्र्याची शेड आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम. पूर्वी डायनामो बांधायचे, मग गाडीतले टेप आले, आता जे येईल ते. त्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, मोतीबिंदूचं. डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती.

म्हणून मी आलो होतो. मी सदाशिव. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलो आणि नंतर कोल्हापुरात स्वतःचं दुकान टाकलं. काचेचं दार, गाडीतली गाणी, कॅमेरे, स्क्रीन, सगळं. उस्तादांचं काम सांभाळायला आलो होतो हे खरं. पण आपण काय काय शिकलोय ते त्यांना दाखवावं, हेही मनात होतंच.

सरांनी बोटांवर मोजत तक्रारी सांगितल्या.

“फोन लागत नाही. शोरूममध्ये गेलो की लागतो, तिथं मी एकटा जातो तीन-तीनदा. घरची सगळी निघालो की लागत नाही. दुसरं, बॅटरी बसते. आठ महिन्यांची गाडी आहे ही! आणि तिसरं, ही सीट. हिला काय झालंय देव जाणे. रोज संध्याकाळी बघावं तर पुढं सरकलेली.”

मला हसू आलं. ते मी दाबलं.

उस्ताद उठले. मला मीटर लावायला सांगितला, आकडा विचारला.

“बॅटरी चांगली हाय,” ते म्हणाले.

मग सरांना आत बसवून सीट मागं-पुढं सारायला लावली, आवाज ऐकला.

“हीबी चांगली हाय… सर, दुपारी गाडी कुठं असते?”

“घरी. शेडमध्ये. दोन ते चार मी झोपतो. तीस वर्षांचा नियम आहे, आज या गाडीपायी मोडला.”

“आणि किल्ली?”

“खुंटीला. ही चौकशी कशासाठी, बाबालाल?”

उस्तादांनी बॉनेट खाली लावलं. मग विचारलं,

“गाडीत कोण कोण बसतंय?”

“मी.”

“आणिक?”

“मीच.” सर थांबले. “…ही असते मागं.”

तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं. मागच्या सीटवर सुलभावहिनी बसल्या होत्या, सरांच्या पत्नी. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. गाडी येऊन पंधरा मिनिटं झाली होती आणि त्यांच्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही.

“व्हा जरा बाजूला, सर,” मी म्हणालो. “मी बघतो.”

सर शेजारच्या सीटवर सरकले. मी स्टिअरिंगसमोर बसून किल्ली फिरवली, स्क्रीन उजळली. ब्लूटूथची यादी उघडली. यादीत दोन फोन होते. एकावर सरांचं नाव, प्राचार्य या पदवीसकट. दुसऱ्यावर नाव नव्हतं, कंपनीनं दिलेला नुसता नंबर. आणि गाडी त्या बिननावाच्या फोनला जोडलेली होती. त्या क्षणीसुद्धा.

म्हणजे फोन गाडीतच होता.

मी आलेल्या फोनांची यादी उघडली. एकच नाव, वरपासून खालपर्यंत. रोज दुपारी अडीच. कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास.

मनू.

हे नाव सगळ्या गडहिंग्लजला ठाऊक होतं. मनस्विनी शिंत्रे. सरांची एकुलती एक मुलगी, सरांच्याच कॉलेजात शिकवायची. चार वर्षांपूर्वी संस्थेच्या भर सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, प्राचार्यांनी केलेली ही नेमणूक अन्यायाची आहे, ज्याचा हक्क होता त्याला डावललंय. दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन ती बेळगावला निघून गेली. सरांनी घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं सांगितलं. सरांचा शब्द म्हणजे शब्द. घरात ते नाव पुन्हा कुणी घेतलं नाही.

मला सगळं कळलं. कळल्याचा आनंद झाला, हेही कबूल करतो. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात आरशात वहिनींचा चेहरा दिसला.

आणि माझ्या खांद्यावर हात पडला. उस्ताद उघड्या दाराशी उभे होते.

“सदा, उतर.”

“उस्ताद, सापडलंय मला. ह्यात…”

“उतर म्हटलं.”

मी स्क्रीन बंद केली आणि उतरलो. दार उघडंच राहिलं. सर परत आपल्या जागी येऊन बसले.

“काय सापडलं?”

उस्ताद म्हणाले, “गाडीत दोष न्हाई, सर.”

“मग?”

“गाडी एका वेळी एकाचंच ऐकते.”

“मग तिला माझं ऐकायला सांगा!”

“आधी दुसऱ्या कुणाचं तरी ऐकतीया. ते पुसावं लागंल.”

“पुसा की. कुणाचं का असेना, शोरूमवाल्यांचं असेल. सगळं पुसून टाका.”

उस्ताद मागच्या खिडकीपाशी गेले. डॉक्टरांची मनाई असताना वाकले.

“वहिनी… पुसू?”

ऊस भरलेला ट्रॅक्टर रस्त्यावरून गेला. त्याचा आवाज लांब गेला.

“नको,” वहिनी म्हणाल्या.

सर वळले. “काय नको?”

“माझा फोन आहे तो. गाडीत लागतो तो माझा.” त्या हळू बोलत होत्या, पण थांबत नव्हत्या. “तुम्ही झोपलात की मी किल्ली घेते. शेडमध्ये जाऊन गाडीत बसते, इंजिन न लावता नुसती किल्ली फिरवून बोलते. पाय पोचत नाहीत म्हणून सीट पुढं घेते. मागं सारायची राहून जाते.”

सर त्यांच्याकडे बघत राहिले. आणि एवढ्या सगळ्यातून त्यांनी विचारलं काय, तर…

“तुला लावता येतो?”

“पहिल्याच दिवशी लागला. तिनं सांगितलं तसं केलं.”

“तिनं म्हणजे?”

उत्तराची गरजच पडली नाही. अडीच वाजले होते.

गाडीच्या चारही कोपऱ्यांतून रिंग वाजायला लागली. स्क्रीनवर ते नाव आलं. मोठ्या अक्षरांत, सरांच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर.

वहिनींनी पर्स उघडली नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या.

सरांचा हात स्टिअरिंगवरच्या बटनांकडे गेला. एक हिरवं, एक लाल. हात तिथंच थांबला. ज्या हाताच्या इशाऱ्यावर आठशे पोरं गप्प बसायची तो हात दोन बटनांच्या मधे अडकला होता.

रिंग वाजत होती.

आणि उस्तादांनी ते उघडं राहिलेलं दार बाहेरून लावलं. आपटलं नाही. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं तसं लावलं. मग गाडीकडे पाठ करून उभे राहिले आणि मलाही खांद्याला धरून वळवलं.

आमच्या पाठीमागं रिंग थांबली.

हिरवं दाबलं की लाल? कळायला मार्ग नव्हता. काचा वर होत्या. मी मान वळवायला गेलो.

“मागं बघू नको.”

“उस्ताद, नुसतं एकदा…”

“न्हाई.”

एक टेम्पोवाला आला. हॉर्न अडकलाय म्हणाला आणि अडकलेला हॉर्न वाजवून दाखवायला लागला. उस्तादांनी दोन्ही हात वर केले. “आत्ता न्हाई, बाबा. तासाभरानं ये.” चाळीस वर्षांत उस्तादांनी गिऱ्हाईक परत पाठवलेलं त्यानं बघितलं नसावं. तो मुकाट्यानं गेला.

आम्ही उभे होतो. उन्हात. उस्तादांच्या चष्म्याखालून पाणी वाहत होतं. ते डोळ्याच्या औषधाचं होतं की कसलं, मी विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं दार उघडलं.

सर बाहेर आले. स्वतःचा चष्मा हातात होता. ते सरळ नळापाशी गेले, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. ओंजळीत पाणी धरून तसेच उभे राहिले. मग उस्तादांजवळ आले.

“बाबालाल… ते पुसू नका.”

“न्हाई पुसत.”

“आणि माझा…” हातातल्या फोनकडे ते असे बघत होते की जणू तो कुणाचा ते आठवत नव्हतं.

“आज न्हाई लागायचा, सर. आधीचं बोलणं संपू द्या.”

मला वाटलं, आता भडकतील. कॉलेजात असताना या माणसाला मी फार घाबरायचो. गावात ते समोरून आले की अजून सायकलवरून उतरावंसं वाटायचं.

सरांनी मान हलवली. वर्गात समजलं म्हणून पोरगं हलवतं तशी.

“हो,” म्हणाले. “बरोबर आहे.”

आणि ते पुढच्या दाराकडे गेले नाहीत. मागचं दार उघडलं. वहिनींनी मांडीवरची पर्स पलीकडे ठेवली आणि जागा केली. सर आत बसले. गाडी घेतल्यापासून ते पहिल्यांदाच मागं बसले असतील. त्या घडीला मला ते जेवढे मोठे वाटले तेवढे व्यासपीठावर कधी वाटले नव्हते.

“सदा,” उस्ताद म्हणाले, “तू चालव. सोड त्यांना.”

मी गाडी रस्त्याला काढली. सरांच्या घराचं वळण जवळ आलं तसा वेग कमी केला.

“बेळगावला किती वेळ लागतो?” सरांनी मागून विचारलं.

उत्तर माझ्या ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. प्रश्न मला नव्हता.

“दीड तास,” वहिनी म्हणाल्या. “मी विचारून ठेवलंय.”

“कधी?”

“झाली की चार वर्षं.”

मी वळायच्या ऐवजी गाडी हळूहळू पुढं नेली. वळण मागं पडलं होतं. सरांनी घसा साफ केला.

“सदाशिव, सरळ घ्या.”

बेळगावपर्यंत मी आरशात फक्त मागून येणाऱ्या गाड्या बघितल्या. वाटेत एकदा फोन आला. वहिनींनी नाही, सरांनी मागून वाकून पुढचं बटन दाबलं, आणि त्यांना नीट पोचता यावं म्हणून मी मान बाजूला घेतली. काय बोलणं झालं ते मी ऐकलं. सांगणार नाही.

ती फाटकाशी उभी होती. अनवाणी. मी गाडी थांबवली, किल्ली तशीच ठेवली आणि स्टँडच्या रस्त्याला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांच्या डोळ्यात औषध घालत होतो. ते मान मागं टेकून बसले होते.

“पोचले?”

“पोचले.”

“बरं झालं.”

मी आणखी एक थेंब सोडला. रात्रभर जे मनात होतं ते बोलून टाकलं.

“उस्ताद, मला काल लगेच कळलं होतं. स्क्रीनवर नाव बघितलं त्याच क्षणी.”

“मला बॅटरीलाच कळलं होतं.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

उस्तादांनी डोळे मिटून घेतले. औषध आत मुरू दिलं…

“कळायला काय लागतंय, सदा? कळल्यावर हात मागं घ्यायला मला चाळीस वर्षं लागली.”