माहितीदार क्रमांक सात

पाणीखात्यात तीस वर्षं नळाच्या चाव्या फिरवणाऱ्या मुरारी घोडक्यांना गोड बोलणाऱ्या माणसाचा आधी संशय यायचा. प्राध्यापक सरनोबत तर पहिल्याच भेटीत त्यांना ‘अण्णा’ म्हणाले.

“शाश्वत शहरासाठी आपण मिळून संशोधन करू. अनुभव तुमचा, अभ्यास आमचा. इथे सही करा.”

“अहवालात माझं नाव येईल ना?”

“छे! तुमच्या सुरक्षेसाठी ते गुप्त राहील. तुम्ही माहितीदार क्रमांक सात.”

“आणि तुमचं? तुम्हाला धोका नाही?”

प्राध्यापकांनी हसत पेन पुढे केलं. मुरारींनी सही केली, पण फॉर्मची एक प्रत मागून घेतली.

सहा महिने गल्लीबोळ हिंडून त्यांनी एकूण एक चावी दाखवली. अहवाल छापून आला, तेव्हा मुखपृष्ठावर नाव एकट्या सरनोबतांचं.

महापालिकेतल्या सादरीकरणात आयुक्तबाईंनी विचारलं, “टेकडीवरच्या वस्तीला पाणी चढत नाही. त्यासाठी आधी कुठली चावी बंद करायची?”

सरनोबतांनी पानं उलटली, घाम पुसला आणि मागच्या रांगेत बसलेल्या मुरारींकडे बघून ते म्हणाले, “अण्णा, सांगा ना!”

मुरारींनी खिशातून ती प्रत काढली. “हे सातव्या माहितीदाराला ठाऊक, साहेब. आणि तो कोण, ते गुप्त आहे. भर सभेत मी नाव फोडलं, तर बिचाऱ्याच्या सुरक्षेचं काय?”

सभागृहात हशा पिकला. आयुक्तबाईंनी सरनोबतांपुढे पेन धरलं. “यांचं नाव लिहा मुखपृष्ठावर.”

सरनोबतांनी मुकाट्याने लिहिलं. मुरारींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“आडनाव राहिलं, साहेब. तेवढं लिहा, मग चावी दाखवतो.”