शिंपिणीने न शिकवलेली गाठ

एका जंगलाच्या कडेला, जिथे उंबराखाली भर दुपारीही गार वाटते, तिथल्या एका झुडपात एक शिंपीण राहत असे. शिंपीण म्हणजे अंगठ्याएवढा हिरवट पक्षी. चोचीने पानाला भोके पाडायची, त्यांतून शेवरीच्या कापसाचा दोरा ओवायचा आणि पानाची पिशवी शिवून तिच्यात घरटे करायचे, ही तिची रीत. मुलांनो, ही गोष्ट चांगली संपत नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी माझ्यावर रुसू नका.

उन्हाळ्यात ओढा आटला, की जंगलातल्या पिल्लांना काही उद्योग उरत नाही. ती फांद्या मोडतात, एकमेकांच्या शेपट्या ओढतात आणि आयांना वात आणतात. एके वर्षी कंटाळून सगळ्या आया शिंपिणीकडे आल्या. त्यांत खार सर्वांत पुढे होती. ती म्हणाली, "बाई, आमच्या पोरांना महिनाभर शिवण शिकवा. सोपं सोपं काहीतरी. तेवढाच आमच्या जिवाला आराम."

शिंपिणीला आनंद झाला. त्या जंगलात शिवणारे दोघेच होते, ती आणि तिचा जोडीदार. आपल्यामागे हे काम कोणाला तरी यावे, असे तिला फार वाटे. दुसऱ्याच दिवशी उंबराखाली अकरा पिल्ले जमली. उंदराची पाच, मुनियेची चार आणि खारीच्या दोन मुली. प्रत्येकाला बाभळीचा एकेक काटा मिळाला, तीच सुई. पहिल्या आठवड्यात पळसाच्या पानावर धावदोरा घालायचा, दुसऱ्या आठवड्यात करवंदे ठेवायची पिशवी, तिसऱ्या आठवड्यात उन्हाची टोपी. खारीची धाकटी मुलगी सगळ्यांत तयार निघाली. तिचे टाके इतके सारखे पडत, की शिंपीण ते पान पुन्हा पुन्हा उलटून पाही.

अडचण आली ती गाठीशी. टाके घालणे सोपे असते हो, कोणालाही चार दिवसांत जमते. शेवटी दोऱ्याचे टोक विंचरून फुगवायचे, त्याचा वेढा घ्यायचा आणि तो भोकाशी घट्ट आवळायचा, हे अवघड. पिल्लांच्या गाठी निसटत. गाठ निसटली, की सकाळभर घातलेले टाके एका ओढीत सुटत आणि पिल्ले भोकाड पसरत. खारीची धाकटी तर हुंदके देत घरी गेली.

लगेच दुसऱ्या दिवशी खार हजर. "अहो बाई, पोर काल जेवली नाही! सुट्टीत शिकायला पाठवलंय तिला, रडायला नाही."

"ताई, गाठ दहादा सुटल्याशिवाय येत नाही," शिंपीण म्हणाली. "मीसुद्धा रडतच शिकले."

"तुमची गोष्ट वेगळी. आमच्या पोरांना कुठे घरटी शिवायची आहेत? तेवढी गाठ तुम्हीच मारा की. तुमचं काय जातं?"

शिंपीण गप्प बसली. तिने गप्प बसायला नको होते. मीही कधी काळी मुलांना शिवण शिकवली आहे, म्हणून मला ठाऊक आहे, रडणारे मूल समोर असले की शिकवणाऱ्याचा धीर किती लवकर सुटतो. आणि खरे सांगायचे तर, त्यात एक गोडीही वाटते. त्या दिवसापासून पिल्ले टाके घालत आणि दोऱ्याचे टोक शिंपिणीपुढे धरून म्हणत, "बाई, गाठ मारा." अकरा टोके, अकरा गाठी. आपल्यावाचून कोणाचे काही पुरे होत नाही, हे शिंपिणीला आवडू लागले. रडणे बंद झाले. वर्ग छान चालला आहे, असे जो तो म्हणू लागला.

वर्गाचे पंधरा दिवस झाले आणि एका सकाळी शिंपिणीच्या जोडीदाराला शिक्र्याने उचलून नेले. शिंपिणीने दोन दिवस वर्ग घेतला नाही. तिच्या घरट्यात तीन अंडी होती. मागच्या दोन्ही वर्षांची अंडी सापाने खाल्ली होती. ही तीनच आता तिची म्हणावी अशी उरली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा उंबराखाली आली, कारण झुडूप उंबराला लागूनच होते आणि तिथून घरटे दिसत असे. ती थोडा वेळ अंड्यांवर बसे, थोडा वेळ शिकवी.

महिन्याच्या शेवटी प्रदर्शन ठरले. पिशव्या करवंदांनी भरून उंबराच्या खालच्या फांदीला ओळीने टांगल्या. आया आल्या. खार प्रत्येकाला धरून धरून दाखवत होती, "ही माझ्या धाकटीची! एकटीनं शिवलीय!" पिशव्या ओढून पाहिल्या तरी उसवत नव्हत्या. कशा उसवतील? गाठी शिंपिणीच्या होत्या. तुमच्याही घरी अशी एखादी उशी नाहीतर बाहुलीचा झगा असेल, जो तुम्ही "एकट्याने" शिवलेला आहे. मी कोणाचे नाव घेत नाही.

कौतुक करून आया चाऱ्याच्या शोधात निघून गेल्या. पिल्ले मागे खेळत राहिली. तेवढ्यात करवंदांच्या वासाने एक वानर आले. त्याने सगळ्या पिशव्या एका हाताने ओरबाडल्या आणि जाताना उंबरावरून थेट झुडपावर उडी घेतली. शिंपीण घरट्याकडे झेपावली. वाकलेली फांदी सपकन सरळ झाली आणि तिच्या तोंडावर बसली. ती खाली पडली. उठून पाहते तो तिच्या चोचीचे टोक तुटले होते आणि घरट्याचे पान शिवणीवर वरपासून खालपर्यंत फाटले होते. तीन अंडी आतल्या कापसावर कशीबशी तोलून होती. खाली मुंग्यांचे वारूळ होते.

शिंपिणीने दोरा उचलून पाहिला. तुटक्या चोचीत तो धरवेना. अंडी उचलून दुसरीकडे न्यावीत, तर त्यांचे कवच कांद्याच्या सालीइतके पातळ. पिल्लांच्या दातांत किंवा चोचीत ती टिकली नसती. ती ओरडली, "पोरांनो, धावा! माझं घरटं शिवा!"

पिल्ले धावली. त्यांना भीती वाटली नाही, उलट अभिमानच वाटला, कारण शिवण तर त्यांना येत होती. मुनियांनी फाटलेल्या कडा चोचीत धरून जवळ आणल्या. उंदरांनी दोरा पुरवला. खारीच्या धाकटीने देठावर उलटे लोंबकळून शिवायला घेतले. वरून खाली एकेक टाका, सारखा, जवळ जवळ, ओढ बेताची. शिंपीण श्वास रोखून पाहत होती. एवढे देखणे काम तिने स्वतःही कधी केले नव्हते. शेवटचा टाका पडला. पान मिटले. अंडी आत सावरली. पिल्लांनी एकच गलका केला.

मग खारीच्या धाकटीने दोऱ्याचे टोक शिंपिणीपुढे धरले आणि रोजच्यासारखी म्हणाली, "बाई, गाठ मारा."

शिंपिणीने चोच पुढे केली, पण दोरा तिच्यातून पुन्हा निसटला.

"मला नाही मारता येणार गं. चोच तुटलीय. तू मार."

"मला कुठे येते? ती तुम्हीच मारता ना?"

शिंपिणीने तोंडी सांगायला सुरुवात केली. टोक विंचर. फुगव. वेढा घे. आता आवळ. खारीच्या धाकटीने तसे केले. गाठ निसटली आणि दोन टाके सुटले. तिने ते पुन्हा घातले, पुन्हा गाठ मारली, पुन्हा निसटली. उंदराच्या थोरल्याने करून पाहिले, मुनियांनी करून पाहिले. महिनाभरात जे सुटायचे, रडायचे आणि पुन्हा करायचे होते, ते सगळे त्या एका दुपारी करायची पाळी आली होती. ते कसे जमावे? प्रत्येक झटक्यासरशी अंडी हलत होती.

"थांबा," शिंपीण म्हणाली. "ओढ्यापलीकडे विहिरीवर सुगरण राहते. तिला गाठी येतात. मी तिला घेऊन येते. धाकटे, तोवर हे टोक दातांत धरून ठेव. काही झालं तरी तोंड उघडू नकोस. कळलं?"

खारीच्या धाकटीने मान हलवली. दोरा दातांत घट्ट धरून ती देठाला चिकटून राहिली. शिंपीण उडाली.

ऊन कलले. उंदरांना त्यांच्या आईने हाक मारली, ते गेले. मुनियाही गेल्या. थोरली बहीण शेंगा शोधायला गेली. एकटी धाकटी राहिली. तिचे पाय थरथरू लागले, दोरा हिरडीत रुतला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पण तिने तोंड उघडले नाही. मुलांनो, ती शूर होती. हे मला मुद्दाम सांगायचे आहे, कारण पुढे तिला कोणी दोष देऊ नये.

तेवढ्यात खार तिला शोधत आली. लेकीचे डोळे पाहून ती घाबरलीच. "अगं, काय झालं? रडतेस का? अशी लोंबकळून काय करतेस?"

धाकटी गप्प.

"बोल ना गं राणी! कोणी मारलं? कोणी काही बोललं?"

धाकटीने मान हलवून नाही म्हणायचा प्रयत्न केला, पण मान हलली की दोरा ताणला जाई. ती तशीच आईकडे बघत राहिली. खारीला काही सुचेना. आपल्या पोरीच्या डोळ्यांतले पाणी तिला कधीच बघवत नसे. ती संतापून म्हणाली, "बाईंनी रडवलं ना तुला? बाईच दुष्ट आहेत! थांब, बघतेच मी त्यांच्याकडे."

"नाही," धाकटी म्हणाली.

एवढा एकच शब्द. दोरा सुटला. खालचा टाका निघाला, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. पान उघडले आणि तिन्ही अंडी एकामागून एक वारुळावर पडली.

शिंपीण आणि सुगरण ओढा ओलांडून आल्या, तेव्हा खार लेकीला पोटाशी धरून बसली होती. सुगरणीने पानाला ओळीने पडलेली भोके पाहिली आणि ती म्हणाली, "हात तर सुरेख आहे पोरीचा. हिला गाठ कोणी शिकवली नाही?"

"मी शिकवली नाही," शिंपीण म्हणाली. "ती रडायची म्हणून."

शिंपीण खाली उतरली आणि वारुळापाशी बसून राहिली. मुंग्या आल्या, त्यांनी त्यांचे काम केले. तिने त्यांना हाकलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी एक पान, एक काटा आणि दोरा घेऊन आली. तिने काही विचारले नाही. शिंपिणीच्या पुढ्यात बसून तिने पाच टाके घातले आणि गाठ मारली. शिंपिणीने पायाने दोरा ओढला. गाठ निसटली.

"चुकलं," शिंपीण म्हणाली. "पुन्हा कर."

धाकटी रडली. तिने गाठ पुन्हा मारली, ती पुन्हा निसटली. वरच्या फांदीवर खार दोन्ही हात तोंडावर दाबून बसली होती, पण ती खाली आली नाही. दुपार उलटून गेली तेव्हा एक गाठ बसली. शिंपिणीने ती ओढून पाहिली, मग दोन्ही पायांनी धरून जोर लावून ओढली. ती सुटली नाही. धाकटीने शाबासकीसाठी वर पाहिले, पण शिंपिणीचे लक्ष झुडपाकडे होते. तिथे ते फाटके पान वाऱ्यावर हलत होते आणि त्यात आता काहीच नव्हते.

तात्पर्य : मूल रडू नये म्हणून त्याच्या वाट्याची अवघड गाठ आपण मारून देतो, तेव्हा त्याचे शिकणे तिथेच सुटते, आणि जे सुटले ते आपल्याला कळते, तेव्हा वाचवायचे काही उरलेले नसते.