ढगातलं कोकरू आणि परटिणीचा पदर

एक होती परटीण. तिचं नाव तुळसाक्का. डोंगराच्या पायथ्याशी नदी होती, तिथं ती साऱ्या गावाचं धुणं धुवायची. सोड्यानं हाताला भेगा पडलेल्या. गावाचे कपडे पांढरेशुभ्र, आणि तिचं स्वतःचं लुगडं मात्र मळकं! वेळच कुठं मिळायचा बिचारीला?

एकदा काय झालं, डोंगरावरून ढगांच्या मेंढ्या चालल्या होत्या. हो, ढगांच्याच. हसू नकोस निमे, ऐक. त्यातलं एक कोकरू घसरलं नि धपकन बाभळीत पडलं. तुळसाक्का धावली. हाताला काटे टोचले, तरी तिनं त्याला ओढून काढलं, पदरानं पुसलं. शी! अंगभर गोचिडी, शेपटीला लेंड्या चिकटलेल्या, आणि वास तर असा की म्हैससुद्धा पळाली असती. ढगातलं असलं म्हणून काय झालं?

मग परटीणच ती! तिनं त्याला रिठ्यानं घोळलं, मग नदीत खळखळून धुतलं, मग निळीत बुचकळलं. कोकरू सणाच्या धोतरासारखं लखलखायला लागलं. पण भुकेनं सारखं ओरडायचं. गाईचं दूध दिलं, पिईना. पोट पार पाठीला लागलं. त्याला आईचंच दूध हवं, नाहीतर ते मरणार.

मग तुळसाक्कानं धुणं वाळत घालायची दोरी घेतली आणि ढगात भिरकावली. अडकली की! कोकरू पाठीला बांधलं आणि निघाली वर चढत.

वर ढगांचा देश. चांदीची तळी, पायाखाली मऊ मऊ कापूस. पण त्या कापसात जिकडंतिकडं लेंड्या, बरं का. एवढ्या मेंढ्या म्हटल्यावर झाडणार कोण? मायाप्पा नावाचा म्हातारा मेंढपाळ तिथं खोकत बसला होता. आणि एक मेंढी आपल्या कोकरासाठी ओरडत फिरत होती.

तुळसाक्कानं कोकरू तिच्यापुढं ठेवलं. मेंढीनं हुंगलं आणि लाथ मारली. पुन्हा ठेवलं, तर डोक्यानं ढुसणी दिली. मग मायाप्पानं तिला धरून ठेवलं. ती हिसडा मारून पळाली, आणि लांब जाऊन पुन्हा कोकरासाठी ओरडायला लागली. अगं बाई, समोरच आहे ना तुझं बाळ!

मायाप्पा म्हणाला, "आक्का, वास धुऊन टाकलास की गं त्याचा. आई वासानंच वळखती."

तुळसाक्का मटकन खाली बसली. चांगलं करायला गेले आणि माझ्याच हातानं घात झाला, असं वाटून तिला रडू कोसळलं. डोळे पुसायला तिनं पदर उचलला, आणि नाकात शिरला तोच घाण वास! कोकरू पुसलेला पदर तिनं धुतलाच नव्हता.

तिनं टर्रकन पदर फाडला. कोकराला त्यात गुंडाळलं, घसाघसा चोळलं. मेंढी जवळ आली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग त्याला चाटायलाच लागली. कोकरू कासेला लागलं आणि त्याची शेपटी अशी हलायला लागली, अशी हलायला लागली! हुश्श! तुळसाक्का हसतही होती नि रडतही होती.

मग ती खाली आली, राहिलेलं धुणं वाळत घातलं, पोटभर जेवली. वरचेही सुखात राहिले, खालचेही सुखात राहिले. आता या, शिरा माझ्या पदराखाली. काय रे गोट्या, लसणाचा वास येतो? येऊ दे. नीज आता.