हरकत नाही

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही. आठवलं असतं तरी गोष्टीत फरक पडला नसता.

तिथला राजा न्यायी होता, आणि आपण न्यायी आहोत हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानं एक नियम घालून दिला होता. कुणाचीही राहती जागा त्याला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. राजाचा अंमलदार दारोदार जाऊन विचारी, "काही हरकत?" माणूस जे बोलेल ते शब्दाला शब्द चोपडीत उतरवून घेई. 'हरकत आहे' म्हणणाऱ्याला राजा दरबारात बोलावून त्याचं म्हणणं ऐके. 'हरकत नाही' म्हणणाऱ्याची जागा जाई.

नियम चांगलाच होता. फक्त तो ज्यांच्यासाठी केला होता, त्यांना तो कुणी सांगितला नव्हता.

नगराबाहेर तळ्याच्या काठी कुंभारांची सात घरं होती. त्या काठच्या मातीचा माठ वैशाखातही पाणी गार ठेवी. दुसरीकडची माती भाजताना आव्यात तडकून जाई. शेवटच्या घरात एक विधवा कुंभारीण एकटी राहायची. नवऱ्यामागे चाक तिनंच हाती घेतलं होतं. माती होती म्हणून चाक फिरत होतं, आणि चाक फिरत होतं म्हणून चूल पेटत होती.

एके दिवशी भर दुपारी अंमलदार तिच्या अंगणात आला. येता येता त्याचा पाय वाळत घातलेल्या एका कच्च्या माठाला लागला आणि माठ बसला. अंमलदार ओशाळला. मग त्याच दमात त्यानं आपलं काम उरकलं. इथं राजाच्या घोड्यांची पागा व्हायची आहे, तुमची काही हरकत, असं त्यानं विचारलं.

कुंभारणीचं लक्ष माठाकडे होतं आणि त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे. ती म्हणाली, "हरकत नाही, दादा. बसा, पाणी प्या."

अंमलदार बसला, पाणी प्यायला, पाण्याची तारीफ केली आणि 'हरकत नाही' असं लिहून घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता. त्यानं ऐकलं तेच लिहिलं.

गरिबाच्या तोंडात हे दोन शब्द कायम तयारच असतात. कुणाचा पाय पायावर पडला, हरकत नाही. सणाला बोलवायचं राहून गेलं, हरकत नाही. हरकत आहे म्हटलं तर समोरचा रागावेल, आणि त्याचा राग परवडणारा नसतो.

पंधरा दिवसांनी दवंडी पिटली गेली. पौर्णिमेच्या आत तळ्याचा काठ रिकामा करायचा. कुंभारीण कचेरीत धावली. दारावरच्या पहारेकऱ्यानं तिला सांगितलं की चोपडीत तुमचाच शब्द लिहिलेला आहे, आता घरी जा. इतर सहा घरांनी बोचकी बांधायला घेतली. त्यांनीही अंमलदाराला पाणीच दिलं होतं.

बाजाराच्या दिवशी ती उरलेले माठ घेऊन बसली होती. तिचा चेहरा पाहून शेजारच्या मीठवालीनं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, त्या चिंचेखाली एक म्हातारा बसतो, त्याला जाऊन विचार. फुकट सांगतो. कुंभारणीला वाटलं, फुकटच्या सल्ल्यात काय राम असणार? पण दुसरं दार उरलं नव्हतं. तिनं आपला सगळ्यात चांगला माठ उचलला आणि गेली.

म्हाताऱ्यानं माठ घेतला नाही. तिचं बोलणं मात्र शेवटपर्यंत ऐकलं. मधे एकदाच थांबवून, तुम्ही नेमकं काय म्हणालात ते सांगा, एवढंच विचारलं. तिनं सांगितलं.

"बाई," म्हातारा म्हणाला, "उंबऱ्यावर त्या शब्दांचा अर्थ 'राग नाही' असा होतो. चोपडीत त्यांचाच अर्थ 'जागा घ्या' असा होतो. पण महिन्याच्या आत दरबारात उभं राहून स्वतःच्या तोंडानं तो शब्द मागे घेता येतो. नियमातच आहे."

"तुम्हाला कसं ठाऊक, आजोबा?"

"तीस वर्षं ती चोपडी मीच लिहीत होतो. लिहीत होतो, सांगत नव्हतो. आता सांगतो."

मग त्यानं तिला 'माझी हरकत आहे' असं म्हणायला सांगितलं. तिला म्हणता येईना. जीभ अडे. एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर असं कसं म्हणायचं, याची तिला लाज वाटे. म्हाताऱ्यानं तिला आधी चिंचेच्या झाडाला म्हणायला लावलं, मग मीठवालीला, मग स्वतःला. चौथ्या खेपेला आवाज फुटला. मग मीठवालीच्या तोंडून ही बातमी बाकीच्या सहा घरीही गेली, पण तिथलं कुणी आलं नाही. शहाण्यानं कचेरीची पायरी चढू नये, असं ते म्हणाले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी म्हातारा तिच्याबरोबर दरबाराच्या दारापर्यंत आला. आत ती एकटी गेली. तिचा पुकारा होईपर्यंत दुपार कलली.

राजा सभ्य होता. तो म्हणाला, "बाई, सकाळपासून ताटकळत ठेवलं तुम्हाला."

कुंभारणीचं तोंड आपोआप उघडलं. "हर..." एवढं बाहेर पडलंही. अंमलदाराची लेखणी चोपडीवर टेकली. तिला चाक दिसलं, आवा दिसला, रिकामा काठ दिसला.

"हरकत आहे," ती म्हणाली. "थांबण्याची नाही, महाराज. माझी माती जाण्याची आहे."

तिनं उरलेलं सगळं सांगितलं. दोन शब्दांचे दोन अर्थही सांगितले.

राजानं अंमलदाराकडून चोपडी मागून घेतली. तळ्याकाठच्या सातही घरांपुढे 'हरकत नाही' लिहिलं होतं. त्यानं मागची पानं उलटली. कोष्टी, बुरूड, भोई, पानामागून पान तेच दोन शब्द. आपल्या राज्यात कुणाची तक्रार नाही, याचा इतकी वर्षं त्याला अभिमान होता.

"ही माणसं आता कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. चोपडीत ते लिहायची पद्धत नव्हती.

पागा दुसरीकडे बांधली गेली. सातही घरांची बोचकी सुटली. राजानं चिंचेला पार बांधला, आणि प्रत्येक बाजारात असा एक पार बांधून तिथं एक जाणता माणूस बसवला. अंमलदारानं हरकत विचारण्याआधी पाराची वाट दाखवायची, अशी आज्ञा निघाली.

वर्षभरात चोपडी हरकतींनी भरली. प्रधान कुरकुरला. हे पारावरचे लोक नसत्या लष्कराच्या भाकऱ्या भाजतात, पूर्वी प्रजा किती सुखात होती, असं तो म्हणाला.

"सुखात नव्हती, प्रधानजी," राजा म्हणाला. "सभ्य होती."

जुन्या पानांवरची माणसं शोधायला राजानं चारी दिशांना स्वार पाठवले. ती सापडली नाहीत.

तात्पर्य: गरिबाला हक्क नुसता देऊन भागत नाही, तो कसा मागायचा हे फुकट सांगणारं माणूसही त्याच्या हाकेच्या अंतरावर असावं लागतं.